हेन्री फोर्ड यांचा घड्याळांचा छंद

हेन्री फोर्ड हें नांव उच्चारतांच मोटारगाडी डोळ्यांपुढें उभी राहते, आणि तिच्या पाठोपाठ अवाढव्य कारखाने, लक्षावधि गाड्या व कोट्यवधि डॉलर यांचे आंकडे ऐकावयास मिळतात. ह्या आंकड्यांचा दरारा इतका आहे कीं, त्यांच्यामागें एक लहानसें खिशांतलें घड्याळ उघडून बसलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आम्हांस येथें त्या मुलाची ओळख करून द्यावयाची आहे. फोर्ड यांच्या मोटारींचा इतिहास वाचकांनीं अन्यत्र वाचला असेल. त्यांच्या घड्याळांच्या छंदाची हकीकत क्वचितच सांगितली जाते. आमच्या मतें त्यांच्या थोरपणाची किल्ली ह्या छंदांत सांपडते, आणि त्यांचें उणें कोठें पडलें तें मोजण्याचें मापही त्यांतच मिळतें.

पेठसारख्या गांवच्या विद्यार्थ्यांस ह्या चरित्राचें आणखी एक अगत्य आहे. नाशिकहून सावळघाट ओलांडून ज्या मुलुखांत आपण येतों, तेथें बहुतेक घरें भात-नागली पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचीं. वस्तु बिघडली आणि शहर दूर, म्हणून ती आपणच उघडून पाहावी, ही वृत्ति येथें कोणास मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. फोर्ड हेही शेतकऱ्याचेच पुत्र होते, आणि त्यांची पहिली विद्या हीच होती.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, डेट्रॉइट शहराजवळ, आज डिअरबॉर्न म्हणून प्रसिद्ध असलेल्या भागांतील एका शेतावर झाला. वडील विल्यम हे आयर्लंडमधील मोठ्या दुष्काळांत, १८४७ सालीं, कुटुंबासह अमेरिकेस आले होते. जंगल तोडून जमीन कसावी, औतें स्वतःच दुरुस्त करावीं, असा त्यांचा क्रम असे. आई मेरी हिनें मुलास शाळेंत जाण्यापूर्वींच घरीं वाचावयास शिकविलें, आणि अंगावर पडलेलें काम आवडो वा न आवडो, तें नीट पार पाडलें पाहिजे, हा धडा दिला. १८७६ च्या मार्च महिन्यांत ती बाळंतपणांत वारली. हेन्रीचें तेरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. आईवांचून तें घर मुख्य कमान नसलेल्या घड्याळासारखें झालें, अशी उपमा त्यांनीं पुढें मोठेपणीं दिली आहे. शोक सांगतांनाही ज्याला घड्याळ आठवतें, त्याच्या मनांत तें यंत्र किती खोल रुतलें असेल याची कल्पना करावी.

त्याच वर्षीं दोन गोष्टी घडल्या. जुलै महिन्यांत वडिलांबरोबर गाडींतून डेट्रॉइटकडे जात असतां रस्त्यानें स्वतःच्या बळावर चालत येणारें एक वाफेचें एंजिन हेन्रीनें पाहिलें. बापास कळण्यापूर्वींच तो गाडींतून उडी मारून चालकाशीं बोलूं लागला होता. दुसरी गोष्ट दिसावयास त्याहून लहान. त्याला एक घड्याळ मिळालें. तें त्यानें उघडलें, सुटें केलें, पुन्हां जोडलें. आणि तेराव्या वर्षीं, आपल्या हातानें जोडलेलें घड्याळ बरोबर वेळ दाखवीत आहे, हें प्रथम पाहिलें. पंधरावें वर्ष लागेतों घड्याळाचा बहुतेक बिघाड त्याला काढतां येऊं लागला.

हत्यारें मात्र त्याच्यापाशीं नव्हतीं. छपराच्या फळ्या ठोकण्याचा खिळा कानशीनें घासून त्याचा त्यानें पेचकस केला. आईच्या पोशाखांतील पोलादी पट्टी वांकवून चिमटा केला. विणकामाच्या सुयांचीं आणखी कांहीं हत्यारें झालीं. खिडकीशीं एक लहानसें बांक होतें. तीच त्याची कर्मशाळा.

हा छंद मनास कोणतें वळण लावतो, हें समजण्यासाठीं घड्याळाच्या पोटांत क्षणभर डोकावलें पाहिजे. चावी दिली म्हणजे एका डबींत गुंडाळलेली पोलादी कमान आवळली जाते. ती सुटूं पाहते, आणि तिचा जोर एकामागून एक दांत्यांच्या चाकांतून पुढें जातो. हा जोर मोकाट सोडला तर कांटे गरगर फिरून कमान पाहतां पाहतां रिकामी होईल. म्हणून शेवटच्या चाकास एक अटकाव असतो. केसासारख्या बारीक कमानीच्या आधारानें डोलणारें एक चक्र एकदां इकडे व एकदां तिकडे झुकतें, आणि प्रत्येक झोक्यास तें शेवटचें चाक अर्ध्या दांत्यानें पुढें सरकतें. आपणांस ऐकूं येतो तो ठोका हाच. खिशांतल्या सामान्य घड्याळांत असे ठोके सेकंदास ५, तासास १८,००० आणि दिवसास ४,३२,००० पडतात. दिवसाकाठीं एक मिनिट मागें पडणाऱ्या घड्याळास आपण नांवें ठेवतों. पण १,४४० मिनिटांत एका मिनिटाची चूक ज्याची होते, असा मनुष्य आपल्या पाहण्यांत आहे काय?

असें यंत्र बंद पडतें तेव्हां बाहेरून एकच लक्षण दिसतें: कांटे थांबलेले. कारणें मात्र अनेक असतात. तेल वाळून चिकट झालेलें असतें; धुळीचा एक कण दांत्यांत अडकलेला असतो; आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसांत चढतो तसा पोलादावर गंज चढलेला असतो; घड्याळ पडल्यामुळें चक्राच्या आंसाचें टोंक मोडलेलें असतें; अथवा कमानच तुटलेली असते. बळजबरीनें यांपैकीं एकही दोष दूर होत नाहीं. दुरुस्त करणारास प्रथम कमानींत उरलेला जोर हळूच उतरवावा लागतो, नाहीं तर चाकें मोकळीं होतांच सुसाट फिरून दांते मोडतात. मग प्रत्येक स्क्रू ज्या क्रमानें निघाला त्या क्रमानें मांडून ठेवावा लागतो. तेल द्यावयाचें तें सुईच्या अग्रावर राहील इतकेंच. अधिक झाल्यास तें पसरतें व धूळ धरतें. थोडक्यांत, आधीं कारण शोधावें, मग हात लावावा, आणि हात लावावा तो हलकाच, हा ह्या छंदाचा धर्म आहे.

हेन्री शेजाऱ्यांचीं घड्याळें दुरुस्त करी आणि त्याबद्दल कांहीं घेत नसे. वडिलांस हें पसंत नव्हतें, म्हणून आपण रात्रीं लपूनछपून घड्याळें आणून दुरुस्त करीत असूं, असें फोर्ड पुढें सांगत. त्यांची बहीण मार्गारेट हिनें मात्र आपल्या आठवणींत ही गोष्ट नाकारली आहे. वडिलांचा विरोध नव्हता, त्यांना स्वतःलाही हत्यारांची आवड होती, असें ती म्हणते. थोर माणसें आपल्या बालपणाची गोष्ट सांगतांना तिला थोडीशी रंगवितात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वडिलांची इच्छा मुलानें शेती करावी अशी होती, आणि मुलाचें मन यंत्रांकडे होतें, एवढें निर्विवाद आहे.

१८७९ सालीं, सोळाव्या वर्षीं, हेन्री शेत सोडून डेट्रॉइटला गेला व एका यंत्रशाळेंत उमेदवार म्हणून राहिला. आठवड्याची मजुरी अडीच डॉलर आणि राहण्या-जेवण्याचा खर्च साडेतीन डॉलर. दर आठवड्यास पडणारी ही एका डॉलरची तूट घड्याळांनीं भरून काढली. एका जवाहिऱ्याच्या दुकानांत रात्रीं घड्याळें दुरुस्त करण्याचें काम त्यानें धरलें. रात्रीस अर्धा डॉलर मिळे. मालकानें त्याला मागच्या खोलींत बसविलें. इतक्या कोंवळ्या पोराच्या हातीं आपलें घड्याळ आहे, हें गिऱ्हाइकांस दिसलें असतें तर त्यांनीं तें परत मागितलें असतें! दिवसा कारखान्यांतील मोठालीं चाकें आणि रात्रीं भिंगाखालचीं इवलालीं चाकें, असा त्याचा क्रम चालला.

पुढें एके काळीं त्यांच्याजवळ तीनशेंहून अधिक घड्याळें जमलीं होतीं. ह्या सुमारास त्यांनीं एक हिशेब केला. घड्याळाचे भाग यंत्रानें एकसारखे काढले, तर सुमारें तीस सेंटांत एक बरें घड्याळ तयार होईल. मात्र तें परवडण्यास दिवसास दोन हजार घड्याळें निघालीं पाहिजेत. एकसारख्या भागांची ही कल्पना नवी नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथील कारखान्यांत ती अगोदरच अमलांत आली होती. फोर्ड अडले ते दुसऱ्या प्रश्नापाशीं: इतकीं घड्याळें विकत घेणार कोण? घड्याळ ही सर्वांच्या गरजेची वस्तु नव्हे, असें ठरवून त्यांनीं तो बेत सोडला. पुढें १८९६ पासून इंगरसॉल बंधूंनीं एका डॉलरचें घड्याळ विकून लक्षावधि गिऱ्हाइकें मिळविलीं, तेव्हां हा अंदाज चुकीचा ठरला. पण वस्तु एकसारखी, पुष्कळ व स्वस्त काढावी, हा विचार त्यांच्या मनांतून गेला नाहीं. तो मोटारीची वाट पाहत राहिला.

१८ नोव्हेंबर १८८३ रोजीं अमेरिकेंतील आगगाड्यांनीं गांवोगांवची निरनिराळी वेळ सोडून प्रमाणवेळ स्वीकारली. गांवची वेळ एक आणि स्टेशनची दुसरी, अशी लोकांची तारांबळ झाली. तेव्हां फोर्ड यांनीं दोन तबकड्यांचें एक घड्याळ तयार केलें. एकीवर स्थानिक वेळ व दुसरीवर आगगाडीची. शेजारीपाजारी तें पाहावयास येत. असाच प्रसंग आमच्याकडेही आला होता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबई शहरांत तीहून ३९ मिनिटें मागें असलेली मुंबई वेळ त्यानंतरही कित्येक वर्षें चालू होती. अशा शहरांत दोन तबकड्यांच्या घड्याळाचा मोठाच उपयोग झाला असता.

१८८२ सालीं ते शेतावर परतले होते. एका शेजाऱ्याचें वाफेचें एंजिन चालविण्यांत ते तरबेज झाले. ११ एप्रिल १८८८ रोजीं क्लॅरा ब्रायंट हिच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि १८९१ सालीं दोघें डेट्रॉइटला आलीं. फोर्ड तेथील एडिसन विद्युत कंपनींत लागले. १८९३ च्या नाताळाच्या आदल्या रात्रीं स्वयंपाकघरांतील मोरीवर त्यांनीं आपलें पहिलें लहानसें तेल-एंजिन बसविलें. पत्नी थेंब थेंब इंधन घालीत होती आणि पति चाक फिरवीत होते. एंजिन चाललें. ४ जून १८९६ रोजीं पहांटे त्यांची पहिली चारचाकी तयार झाली, तेव्हां ती कोठाराच्या दारांतून बाहेर निघेना. अखेर कुऱ्हाडीनें विटांची भिंत फोडावी लागली. दांत्याचा केसभर फरक ओळखणाऱ्या माणसानें दाराची रुंदी मोजली नव्हती, ह्याचें आम्हांस हंसूं येतें.

१६ जून १९०३ रोजीं फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९०८ रोजीं तिची प्रख्यात ‘मॉडेल टी’ गाडी बाजारांत आली. ह्या गाडींत घड्याळें उघडणारा तो मुलगा स्पष्ट दिसतो. ती उंच, हलकी व साधी होती. खेड्यांतील शेतकरी मोजक्या हत्यारांनीं ती स्वतः उघडूं शके व दुरुस्त करूं शके. आरंभीं सुमारें ८५० डॉलर असलेली तिची किंमत पुढें ३०० डॉलरांच्या आंत आली, आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या.

ही स्वस्ताई कशी साधली? १९१३ सालीं कारखान्यांत सरकत्या जुळणीची पद्धति सुरू झाली. ठिणगी पाडणारें मॅग्नेटो नांवाचें यंत्र पूर्वीं एक कारागीर वीस मिनिटांत एकटा जुळवीत असे. तें काम २९ माणसांत वांटून देतांच वेळ तेरा मिनिटें दहा सेकंदांवर आला, आणि पुढें सुधारणा होत होत पांच मिनिटांवर. गाडीचा सांगाडा जुळविण्यास साडेबारा तासांच्या जवळपास लागत. ते दीड तासाच्या आसपास आले. सारा कारखानाच एक प्रचंड घड्याळ झाला, आणि प्रत्येक मनुष्य त्यांतील एक दांता.

येथेंच आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो. लहान हेन्रीस घड्याळांत गोडी वाटली ती संपूर्ण यंत्र उघडून, त्याचें कारण व कार्य समजून घेण्यांत. त्याच्या कारखान्यांतील कामगारास मात्र दिवसभर एकच खिळा घट्ट करावयाचा, आणि संपूर्ण गाडीशीं त्याचा संबंध नाहीं. जो आनंद मालकाला घडविण्यास कारण झाला, तोच नोकराच्या वांट्यास राहिला नाहीं. परिणाम असा झाला कीं माणसें टिकेनात. १९१३ सालीं सुमारें १४,००० जागा भरलेल्या ठेवण्यासाठीं वर्षभरांत ५२,००० हून अधिक माणसें घ्यावीं लागलीं. फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यावर उपाय केला तो धाडसी होता. ५ जानेवारी १९१४ रोजीं त्यांनीं आठ तासांच्या दिवसास पांच डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट मजुरी, जाहीर केली. त्यानें असंख्य कुटुंबें सुखी झालीं हें खरें. पण त्याबरोबरच कंपनीचे निरीक्षक कामगारांच्या घरीं जाऊन त्यांचें वर्तन तपासूं लागले. तेल पुरेसें दिलें, पण चाक कां कुरकुरतें हें चाकास विचारलें नाहीं.

पुढें तर ह्याहून खेदाची गोष्ट घडली. १९२० पासून त्यांच्या मालकीच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ ह्या वृत्तपत्रानें जगांतील अनेक अनर्थांचा दोष यहुदी लोकांच्या माथीं मारणारी लेखमाला चालविली. तींत पुरावा नव्हता, शोध नव्हता. होता तो द्वेष. १९२७ सालीं फोर्ड यांनीं क्षमा मागितली व तें पत्र बंद झालें, परंतु तोंवर तें विष देशोदेशीं पसरलें होतें. १९३८ सालीं हिटलरच्या राजवटीचें मानचिन्हही त्यांनीं स्वीकारलें. १९३७ च्या मे महिन्यांत त्यांच्या कारखान्याच्या दाराशीं कामगार संघटनेच्या लोकांस कंपनीच्या माणसांनीं मारहाण केली. १९४१ सालीं अखेर संघटनेशीं करार करावा लागला. बंद पडलेल्या घड्याळावर ज्यानें कधीं हातोडा उगारला नाहीं, त्याच्या कारखान्याच्या दारीं माणसांवर हात उगारला गेला. वाचकांपासून ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं; कारण चरित्र वाचावयाचें तें मनुष्याचा कोणता गुण कोठवर पुरला हें पाहण्यासाठीं.

त्यांच्या उतारवयांतील एका प्रसंगाचा हिंदुस्थानशीं संबंध आहे. १९४१ च्या जुलै महिन्यांत फोर्ड यांनीं महात्मा गांधींस आदराचें पत्र लिहिलें, आणि उत्तरादाखल गांधीजींनीं स्वाक्षरी करून पाठविलेला चरखा १९४२ सालीं त्यांस पोंचला. एकाचें यंत्र जगांत सर्वांत जलद निघणारें, दुसऱ्याचें सर्वांत सावकाश चालणारें! तरी दोघांमध्यें एक धागा होता. १९२९ सालीं चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें, तेव्हां किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी आणि डागडुजीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांवर जाऊं नये, अशा अटी होत्या. आमच्या किर्लोस्करवाडीसही असा चरखा बनविण्याचा प्रयत्न झाला. गरिबाच्या घरांतील यंत्र गरिबास दुरुस्त करतां आलें पाहिजे, हें खेड्यांतील घड्याळें फुकट दुरुस्त करणाऱ्या मुलास पटलें नसतें काय?

फोर्ड यांचा घड्याळांचा नाद शेवटपर्यंत सुटला नाहीं. १९१९ सालीं त्यांनीं आपलें जन्मघर आईच्या वेळीं होतें तसेंच पुन्हां उभें करविलें. जमीन खणून सांपडलेल्या खापऱ्यांवरून बशा कशा होत्या तें ठरविलें. २१ ऑक्टोबर १९२९ रोजीं डिअरबॉर्न येथें त्यांच्या संग्रहालयाचें व जुन्या वास्तूंच्या ग्रीनफील्ड गांवाचें उद्घाटन झालें. त्या गांवांत त्यांनीं लंडनमधील सर जॉन बेनेट यांचें घड्याळांचें दुकान समुद्रापलीकडून आणून बसविलें. ७ एप्रिल १९४७ च्या रात्रीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, ते वारले. नदीच्या पुरानें घरची वीज बंद पडली होती. ज्यानें अर्ध्या जगास यंत्रें दिलीं, त्याचा अंत तेलाच्या दिव्यांच्या व मेणबत्त्यांच्या उजेडांत झाला, जसा त्याचा जन्म झाला होता.

त्यानंतर घड्याळांचेंही युग पालटलें. १९६९ सालीं जपानांत स्फटिकावर चालणारें हातघड्याळ निघालें आणि चावीच्या घड्याळांची सद्दी संपली. १९६१ पासून बंगळूर येथें एच. एम. टी. नें काढलेलीं हातघड्याळें आपल्याकडे घरोघर लग्नांत, निवृत्तींत दिलीं जात. त्या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय २०१६ सालीं बंद करण्याचा निर्णय झाला. आजोबांचें तसें एखादें घड्याळ अनेक घरांच्या पेटींत पडून असेल. छंद म्हणून तें उघडून पाहण्याजोगें आहे. मात्र वडिलधाऱ्यांची परवानगी घ्यावी, खालीं पांढरें फडकें अंथरावें, कमानीचा जोर आधीं उतरवावा, आणि निघालेला प्रत्येक भाग कागदावर लिहून ठेवावा. पहिल्या प्रयत्नांत तें चालेलच असें नाहीं. पण तें कां थांबलें हें ज्या दिवशीं कळेल, त्या दिवशीं विद्यार्थ्यास अशी एक संवय लागलेली असेल कीं जी मित्र रुसला असतां, भाऊ अबोल झाला असतां, अथवा शेजारी वैरी वाटूं लागला असतां, अधिकच उपयोगीं पडेल. हेन्री फोर्ड यांस ती संवय यंत्रांपुरती पुरली. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती तेवढ्यावरच थांबवूं नये, अशी आमची इच्छा आहे.